हळदीवरून सरकलेली वीट

मित्रांनो, देवळीच्या एका कॉलेजात टेबलावर पाच वस्तू आहेत: सँडपेपर चिकटवलेली फळी, एक स्प्रिंग, एक ताणकाटा, सावकाश दोरी गुंडाळणारी मोटर आणि मी. मी एक जुनी वीट आहे. आंजीकडच्या भट्टीत भाजले गेले. माझ्यासोबतच्या विटा भिंतींत गेल्या. मी भूकंप शिकवायला आले.

मोटर ओढते, स्प्रिंग ताणली जाते, मी मात्र खरखरीत फळीला धरून बसते. मग अचानक सरकते. जमिनीखालचे खडकही असेच अडतात आणि सुटतात.

एम.एस्सी.च्या छायाइतकं मला कोणी जपलं नाही. तिची मावशी किल्लारीला दिली होती. भूकंपात ती गेली. आदल्या वर्षी तिथे बारीक धक्के बसले होते, मग कोणी सावध का केलं नाही, असं छायाची आई अनुसयाबाई अजून विचारतात. छायाला त्याचं उत्तर हवं होतं. मी जोरात सरकण्याआधी बहुतेकदा दोन बारीक हिसके बसतात, हे तिच्या लक्षात आलं. ती हरखली. दसऱ्यानंतर तिने आईला बोलावलं.

त्याआधी खंडेनवमी आली. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या नत्थूजींनी सगळ्या उपकरणांची पूजा केली. मला पुसलं, फळीवर हळद-कुंकू वाहिलं आणि मला परत तिच्यावर ठेवलं. इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

अनुसयाबाई आल्या. मोटर सुरू झाली.

"आई, आता दोन हिसके बसतीन. मंग मोठा," छाया म्हणाली.

एकही बारीक हिसका न बसता मी एकदमच सरकले. छायाने मला उलटं केलं. माझं पोट पिवळं झालं होतं.

नत्थूजी ओशाळले. "माह्या पूजेनंच बिघडलं का, पोरी?"

"ही हळद तरी आपल्याले दिसली, नत्थूजी. जमिनीखाली काय बदललं, ते कोणाले दिसन?"

अनुसयाबाईंनी माझ्या पिवळ्या पोटावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "मंग ताईले सांगणाऱ्यानं तरी काय सांगतलं असतं?"

छायाच्या मावशीच्या अंगावर दगडमातीची जाड भिंत पडली होती.

मित्रांनो, मला तारीख विचारू नका. मी कधी सरकणार, हे मलाही कळत नाही. पण माझ्या बहिणींना भिंतीत बसवाल, तेव्हा कोपरे नीट गुंफा, वरून चहूबाजूंनी सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा फिरवा. तेवढं तुमच्या हातात आहे. मी कोणाच्याच भिंतीत लागले नाही, याची मला खंत वाटते.

त्या दिवशीचं मोजमाप: ताण चौदा न्यूटन, सरकलेलं अंतर चार सेंटिमीटर, आधीचे हिसके शून्य.