विन्सेंटच्या वाट्याचं छप्पर

मी साकव बोलतोय. पूल म्हणू नका; पूल मोठ्या रस्त्यावर असतात, उघडेबोडके. मी तळेरे गावाच्या वर, घाटाच्या पायथ्याशी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर उभा आहे, लाकडाचा, आणि माझ्या डोक्यावर छप्पर आहे. त्या छपरामुळेच माझी लाकडं साठ पावसाळे टिकली.

वाडीत घरं अकरा, माझ्या छपराचे वाटेही अकरा. दर मे महिन्यात प्रत्येक घर माडाच्या चुडतांचे झाप विणतं आणि आपला वाटा शाकारतं. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र हात लावायचा नाही. माणसं मोठी मानी!

या मानीपणानेच माझा घात केला. विन्सेंट वारला, त्याची बायको इनासिया मुलीकडे गोव्याला गेली, आणि त्यांचा वाटा चार वर्षं उघडा राहिला. लोक तेवढ्यापुरती छत्री उघडायचे आणि पुढे जाऊन मिटायचे, पण झाप कुणी टाकला नाही. मला भयंकर राग यायचा. पाणी एकाच तुळईवर पडत राहिलं आणि ती कुजली.

यंदा तालुक्याहून साहेब आले. तुळईत पेन खुपसून म्हणाले, "धोकादायक आहे. आठ दिवसांत पाडू. नवा पूल मंजूर झाला की बघू."

वाडीची सगळी भातशेती माझ्या पलीकडे. वाडीतली सुगंधा पुढे झाली. "साहेब, तुळई कुजली आहे, साकव नाही."

"आठ दिवस," साहेब म्हणाले.

ते गेल्यावर तिने फोन लावला. "गो इनासिया, तुमच्या वाट्यार झाप घालू काय?"

"चार वर्सां वाट कित्याक बघलंस गो? घाल!"

एवढंच विचारायचं होतं! सुगंधाने नव्या पडवीसाठी जपून ठेवलेली फणसाची तुळई काढली. दहा घरांनी ती वाहून आणली, बसवली, आणि विन्सेंटचा वाटा सगळ्यांनी मिळून शाकारला. त्या दिवशी मला खरंच भरून आलं.

आठव्या दिवशी साहेब आले. मधोमध उभे राहून दोनदा पाय आपटले. मी हललो नाही, मुद्दाम. त्यांनी वर पाहिलं, पाडण्याचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि निघाले. फाडला मात्र नाही.

असू दे. कागद त्यांच्या खिशात आहे, फणसाची तुळई माझ्या पोटात. बघू या, आधी कोण कुजतं!