पहिला सेल्फ

“आधी तो डबा बाजूला घे व्यंकटी, लवंडंल,” अण्णाराव म्हणाले.

व्यंकटी मिस्त्री तोवर पोतं अंथरून ट्रकखाली कमरेपर्यंत शिरला होता. गोडेतेलाचा अर्धा कापलेला डबा त्याने सावकाश बाहेर सरकवला. डब्याच्या बुडाशी बोटभर डिझेल होतं. गाडी थांबून पुरती गारही झाली नव्हती, तोच अण्णारावांनी तो खाली लावला होता. बैल सोडल्याबरोबर त्याच्यापुढे पाणी ठेवावं, तसा.

“कवापासून लावून राहिले हा डबा?” खालून आवाज आला.

“झाले की चार-दोन महिने. जिथं थांबलो तिथं लावतो. सकाळी गाळून पुन्हा टाकीत.”

“आन मह्याकडं येणं झालं न्हाई?”

“येतो येतो म्हणता राहून गेलं गड्या.”

नांदेडात लातूर फाट्यापाशी व्यंकटीचं हे पत्र्याचं गॅरेज होतं. अण्णारावांची लांब बॉनेटची नाकवाली गाडी नवी आली, तेव्हापासून तिला व्यंकटीशिवाय दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. तेव्हा दोघंही काळ्या मिशांचे होते. उमरीहून कापसाच्या गाठी न्यायच्या, लातूरहून तूरडाळ आणायची आणि दसऱ्याला गाडी धुऊन, आंब्याचं तोरण बांधून माहूरच्या घाटात चढवायची, असा तिचा वर्षाचा नेम. आता गाठी मोठ्या गाड्यांनी जात होत्या. अण्णारावांचे गुडघे क्लच दाबताना कुरकुरत होते. शेवटी त्यांनी गाडी द्यायचं ठरवलं.

घेणारा शिवप्रसाद लातूरचा. तिशीतला, बोलायला मोकळा. तो सकाळीच उमरीला आला होता आणि अण्णारावांच्या शेजारी बसून इथवर आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. इंजिन चांगलं निघालं, तर वर टाकी बसवून लातुरात पाणी वाहायचं. इंजिन गेलेलं निघालं, तर गाडी लातूरपर्यंत न्यायचीच नाही. इथेच नांदेडात भंगारवाल्याच्या दारात सोडायची.

“पंपच गळतोय की काका. पंप बदलला की झालं,” तो अण्णारावांना धीर देत म्हणाला.

व्यंकटी बाहेर आला. त्याने इंजिनाच्या कुशीला चिकटलेल्या, मुठीएवढ्या पंपावरून बोट फिरवलं आणि बोट हुंगलं. मग ऑइलची पट्टी उपसून उजेडात धरली. कपाळाला आठी पडली.

“अण्णा, ऑइल कवा टाकलं व्हतं?”

अण्णारावांचा चेहरा खुलला. याच प्रश्नाची जणू ते वाट पाहत होते. “टाकायचं काम न्हाई. हिनं थेंब बी खाल्ला न्हाई. उलट पट्टीवर वाढूनच राहिलं. चौकात सांगितलं तर लोक हसले. मी म्हटलं, हसा. माहूरच्या आईची किरपा हाय.”

“आईची न्हाई. पंपाची हाय,” व्यंकटी म्हणाला.

शिवप्रसाद हसला, पण व्यंकटी हसत नव्हता.

व्यंकटीने पट्टी अण्णारावांच्या नाकाशी नेली. अण्णारावांनी हुंगलं. ऑइलला डिझेलचा वास येत होता. त्यांना कळलं. त्या पंपाच्या पोटात एक रबरी पडदा असतो. इंजिनाची एक दांडी त्याला सारखी ढोसते, पडदा खाली-वर होतो आणि टाकीतलं डिझेल पुढे ओढलं जातं; बोअरचा हापसा पाणी ओढतो, तसंच. पडदा चिरला की थोडं डिझेल बाहेर गळतं. तेवढं दिसतं, म्हणून त्याला डबा लावता येतो. पण थोडं आत, इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. ते दिसत नाही. ऑइल वाढल्यासारखं वाटतं आणि पातळ होत जातं. पातळ ऑइलवर पळणारं इंजिन एक दिवस आतून घासून जाम होतं.

“म्हंजी मी...” अण्णाराव एवढंच बोलले.

“अजून दोन खेपा मारल्या असत्या तर बेअरिंग गेल्या असत्या. गेल्या बी असतील. खोलल्याबिगर सांगता येत न्हाई.”

अण्णाराव टायरवर टेकले. व्यंकटीकडे न येण्याचं कारण त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं. गळती बंद झाली की गाडी द्यायला मोकळी झाली असती. गळती आहे तोवर रोज सकाळी डबा उचलायचा, फडक्यातून डिझेल गाळायचं, बॉनेटवरून हात फिरवायचा, एवढं तरी काम होतं. गाडी दारात राहावी म्हणून त्यांनी जे केलं, तेच तिला आतून खात होतं.

शिवप्रसादने खिशातून मोबाईल काढला आणि पुन्हा ठेवला. “मिस्त्री, स्पष्ट सांगा. इंजिन गेलं असंल तर मला परवडायचं न्हाई. काकांचं मन मोडायचं न्हाई, पर...”

“मन बिन राहू दे. ऑइल बघू,” व्यंकटी म्हणाला.

त्याने चेंबरचा नट ढिला केला. खालच्या घमेल्यात काळी धार पडू लागली. ऑइल पडतं तशी जाड, सावकाश धार ती नव्हती. पाण्यासारखी भसाभस पडत होती. धार थांबल्यावर व्यंकटीने तळाचा गाळ दोन बोटांत घेतला, उन्हात नेला आणि बोटं एकमेकांवर घासली. बेअरिंग घासल्या असतील, तर या गाळात चांदीसारखा चुरा चमकतो. अण्णाराव उठून जवळ आले. चष्मा लावला, काढला. तिघांची डोकी त्या दोन बोटांवर वाकली होती.

बोटं काळीच राहिली.

“वाचली,” व्यंकटी म्हणाला.

“मग घेतो मी,” शिवप्रसाद म्हणाला.

अण्णारावांनी मान हलवली. एकाच श्वासात त्यांना सुटल्यासारखंही वाटलं आणि काहीतरी हातचं गेल्यासारखंही.

पुढचं काम व्यंकटीचे हात डोळे मिटूनही करू शकले असते, पण तो घाई करत नव्हता. नळ्या सोडवल्या, दोन बोल्ट काढले, जुना पंप फडक्यात ठेवला. चिकटलेलं जुनं पॅकिंग खरवडून काढलं. नवा पंप बसवण्याआधी इंजिन हाताने थोडं फिरवून घेतलं. म्हणजे ढोसणारी ती दांडी मागे सरते आणि नवा पडदा बसता बसताच ताणला जात नाही. मग नवं पॅकिंग, नवं ऑइल.

“अण्णा, याद हाय का, घाटात गाडी बंद पडली व्हती? तुमी टांग्यात बसवून नेलतं मला,” पाना फिरवता फिरवता व्यंकटी म्हणाला.

“टांगा कुठला? बैलगाडी व्हती. आन तू रस्ताभर त्या गाडीवानाला शिकवून राहिला व्हता, चाकात वंगण कसं घालावं.”

“चाक कुरकुरतच व्हतं की.”

“त्यानं तुला उतरवून दिलं असतं. मी मधी पडलो म्हून राहिला.”

दोघं हसले. शिवप्रसादने चहा आणला. चहा पिऊन होईतो काम झालं.

व्यंकटीने हात पुसले आणि सवयीने हाक दिली, “अण्णा, सेल्फ मारा.”

ही त्याच्या उस्तादची शिकवण. दुरुस्ती कितीही मोठी असो, पहिला सेल्फ मालकाचा. मिस्त्रीने दुसऱ्याच्या गाडीत तो मारायचा नाही. परक्या घरात आपण चूल पेटवत नसतो, असं उस्ताद म्हणायचा. इतक्या वर्षांत या गाडीचा प्रत्येक पहिला सेल्फ अण्णारावांनी मारला होता.

अण्णाराव उठले. हात केबिनच्या दांडीला गेला, पाय पायरीवर चढला. काल रात्रीपासून त्यांच्या मनात हेच तर होतं. शेवटचं एकदा ती अंगाखाली थरथरेल, बास. शिवप्रसाद अदबीने बाजूला उभा राहिला. व्यंकटीला आपण काय बोलून गेलो ते आता उमगलं आणि तो फडक्याने पाना उगीच पुसत राहिला.

अण्णाराव क्षणभर तसेच थांबले. मग त्यांनी पाय खाली घेतला. खिशातून किल्ली काढली, तिला अडकवलेलं माहूरच्या देवीचं पितळी लॉकेट अंगठ्याने पुसलं आणि किल्ली शिवप्रसादच्या हातात दिली.

“रिवाज रिवाज हाय. गाडी तुमची. बसा.”

शिवप्रसादने किल्ली कपाळाला लावली आणि वर चढला. सेल्फ मारला. इंजिन घुरघुरलं, बसलं. पुन्हा घुरघुरलं, बसलं.

“दम धर बाबा. हवा काढायची राहिली. बोलता बोलता इसरलो,” व्यंकटी म्हणाला. तो खरंच विसरला होता की नाही, हे अण्णारावांना कळलं नाही.

नव्या पंपाला बोटभर दांडी होती. ती हाताने हापसत राहिलं की नळ्यांमधली हवा निघून डिझेल पुढे सरकतं. व्यंकटीने फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि स्वतः मागे सरला. “तुमीच हापसा अण्णा. मह्या अंगठ्यात दम न्हाई.”

अण्णारावांनी सदऱ्याची बाही वर केली. खाली-वर, खाली-वर. आधी नुसता फेस आला. मग बुडबुडे. अंगठा दुखायला लागला, पण ते थांबले नाहीत. हळूहळू बुडबुडे विरळ झाले आणि स्वच्छ, अखंड धार बोटांवर आली. व्यंकटीने स्क्रू आवळला.

“मार आता,” व्यंकटीने शिवप्रसादला हाक दिली.

पहिल्याच सेल्फला इंजिन धडधडलं. अण्णारावांचा हात अजून पंपावरच होता. थरथर तळव्यातून कोपरापर्यंत चढली. इंजिनाचा आवाज स्थिर होईतो ते तसेच उभे राहिले. मग पंपाखालून बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं.

शिवप्रसाद खाली उतरून दोघांच्या पाया पडला. निघताना त्याने डबा उचलला. “काका, हा तुमचा.”

“हाव, मलाच राहू दे. तुमाला न्हाई लागायचा आता.”

गाडी फाट्यावरून लातूरच्या रस्त्याला वळली. नजरेआड झाल्यावरही तिचा गिअर बदलल्याचा आवाज दोघांनी ऐकला.

“उशिरानं बदलला,” अण्णाराव म्हणाले.

“शिकंल,” व्यंकटी म्हणाला.

संध्याकाळी अण्णाराव एसटीने उमरीला उतरले आणि रिकामा डबा काखेत धरून चालत घरी आले. त्यांची बायको साखराबाई चुलीपाशी होती. त्यांना दारात पाहून दचकली. आजवर गाडीचा आवाज वेशीपाशी ऐकू आला की ती तवा चढवायची. दारात गाडी थांबेतो पहिली भाकरी फुगलेली असायची.

“आवाजच न्हाई आला,” ती चाचरत म्हणाली, “म्हून तवा ठिवला न्हाई.”

“ठेव आता,” अण्णाराव म्हणाले.

तिने पीठ ओढलं. अण्णाराव अंगणात, गाडी उभी राहायची तिथं गेले. काळोखात न चाचपता, न वाकून पाहता त्यांनी डबा जमिनीवर ठेवला. तो बरोबर डिझेलच्या जुन्या काळ्या डागावर बसला.