थोरल्या जाऊबाईंचे गुण

मी एक जुने, पायाने चालवायचे शिवणयंत्र आहे. चाक जरा कुरकुरते, पण टीप अजून मोत्यासारखी पडते, बरे का मित्रांनो! कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळेभोर होते, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. मग शिवणाऱ्या बाईंच्या खिडकीपाशी आले. किती गणवेश, किती पडदे शिवले! कौतुकही पुष्कळ झाले.

एका रविवारी उपासनेनंतर बाईंच्या थोरल्या जाऊबाई चर्चच्या अंगणात चारचौघींत म्हणाल्या, "शिवायला दिलेलं माझं रेशीम हिनंच ढापलं!" बाईंना ते रेशीम मिळालेच नव्हते. तेव्हापासून शिवताना बाई मनातल्या मनात जाऊबाईंशी भांडत. आठवड्यात माझ्या चार सुया मोडल्या. पुढे माझ्यावर चादर पडली आणि चादरीवर धूळ.

बाईंचे सासरे म्हणजे म्हातारे सुतार. एका सकाळी त्यांनी चादर ओढली आणि मला तेल घातले.

"सूनबाई, सारखं तेच घोळवू नकोस. पवित्र शास्त्र काय सांगतं? जे खरं, निर्मळ, वाखाणण्याजोगं, तिकडं चित्त लाव."

"जाऊबाईंमधलं वाखाणण्याजोगं? दिवा घेऊन शोधावं लागेल, मामंजी!"

"मग लाव की दिवा! रोज एक गुण शोध."

पहिल्या दिवशी काही सापडेना. दुसऱ्या दिवशी बाई पुटपुटल्या, "गातात मात्र सुरेल." तिसऱ्या दिवशी मला चालवताना त्यांचा पाय थबकला. बाईंच्या तापात आठवडाभर उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवणाऱ्या जाऊबाईच होत्या! "प्रभू, हे कसं विसरले मी?" बाईंचे डोळे भरले. त्यांनी पांढरे कापड काढले. जाऊबाईंच्या नातीचा बाप्तिस्मा जवळ आला होता. कुणी न सांगता तिचा झगा शिवायला घेतला. राग मधूनच डोके वर काढी. मग त्या थांबत, एक गुण आठवत आणि पुन्हा चाक फिरवत.

शनिवारी दारात जाऊबाई उभ्या, मान खाली.

"रेशीम माझ्याच पेटीत निघालं गं. सापडून महिना झाला, पण यायला तोंड नव्हतं. उद्या सगळ्यांसमोर सांगते."

"आधी बसा. ही कॉलर बाळाला टोचणार नाही ना, ते बघा!"

जाऊबाई रडता रडता हसल्या. मग एकीने झालर धरली, दुसरीने मला चालवले. दोघी मोठ्याने गाऊ लागल्या आणि सासरे ताल चुकवीत टाळ्या वाजवू लागले. इतक्या आनंदाने मी कधीच धावले नव्हते!

मित्रांनो, यंत्रांची निगा राखाच, पण मनाचीही राखा. ज्याच्यावर रुसला असाल, त्याचा एक खरा गुण आज शोधा. सापडला, की स्वतःपाशी ठेवू नका. धावत जाऊन त्यालाच सांगा.