बिनकाळजाचा कॉम्प्युटर

छापखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. शाईचे हात जोडून मशीनमन उभे होते, बाइंडिंगच्या बाया टाचा उंचावून बघत होत्या, समोरच्या गल्लीतला शिंपी आणि सायकलवाला खिडकीच्या गजांना लटकले होते. मधल्या टेबलावर कॉम्प्युटरचा डबा, पोट उघडं टाकलेला. आणि त्याच्यापुढे बिनतारी महाराज.

महाराजांनी डब्यातून डिस्क उपसून काढली. हातात मावेल अशी, एखाद्या जाडजूड पुस्तकासारखी धातूची वडी. ती त्यांनी कटिंगवाल्या पहिलवानाच्या कानाला लावली.

"ऐकू येतं काही?"

"नाही महाराज."

"येईल कसं? मेलेलं काळीज आहे. आता हा देह बिनकाळजाचा. वायर नाही, तार नाही, बघा आम्ही प्राण कसे फुंकतो ते!"

डब्यावर त्यांनी एक जरीचं फडकं टाकलं, दोन्ही हात फडक्याखाली घातले आणि पुटपुटायला लागले. "बूट, बायोस, बीजाक्षर! गिगाबाईट, ब्रह्मांड, बँडविड्थ!" मी अगदी जवळ होते म्हणून मला शब्द कळले. लांबच्यांना तो मंत्रच वाटला. मग बटण दाबलं. पडदा उजळला. पडद्यावर महाराजांचा हसरा फोटो आला, स्पीकरमधून महाराजांचाच आवाज घुमला, "मी जागा आहे. मी जागा आहे."

छापखाना ओरडला. मालकांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. डब्याच्या मागच्या बाजूला आता एक तांब्याचा ताईत चिकटलेला दिसत होता, काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेला. "याला हात लावेल त्याचा हात झडेल," असं बजावून महाराज जेवायला बसले.

मी या छापखान्यात जुळारी म्हणून आले तेव्हा माझे सगळे केस काळे होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी लावायच्या, असं ते काम. खिळ्यांची केस, म्हणजे खणाखणांची लाकडी पेटी, उलटली की हजारो खिळे फरशीवर. आम्ही मांडी घालून बसायचो, खिळे निवडायचो, गाणी म्हणायचो, संध्याकाळपर्यंत केस पुन्हा भरलेली असायची. शिव्या भरपूर खाल्ल्या, पण खिळ्यांत प्राण फुंकायला महाराज बोलवावेत असं आमच्यातल्या कुणाला सुचलं नाही. फार बरे दिवस होते ते. म्हातारी म्हणते म्हणून सोडून देऊ नका.

आता मी फक्त प्रुफं वाचायला जात असे. कॉम्प्युटरचं सगळं माझ्या भाचीकडे. तिला सगळे खुडबुडी म्हणत, कारण बंद पडलेली वस्तू दिसली की हिचा स्क्रूड्रायव्हर बाहेर. त्या कॉम्प्युटरवर तिनंच लिनक्स बसवलं होतं. फुकट मिळतं, कुणीही उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, अशी ती प्रणाली. त्याच डब्यात आमचा शब्दकोश होता. कित्येक वर्षांचं काम. तो छापून झाला तर छापखाना तरणार होता, नाहीतर कुलूप. हे सगळ्यांना माहीत होतं.

प्रणालीची नवी आवृत्ती आली म्हणून खुडबुडीनं सकाळी ती चढवायला घेतली. "पडद्यावरची पट्टी पुरी भरेपर्यंत कुणी बंद करू नका," असा कागद तिनं डब्यावर चिकटवला आणि जेवायला गेली. परत येऊन बघते तर पडदा काळा, वर दोन-चार पांढऱ्या ओळी, पुढे काही नाही.

मालकांनी हातातली लोखंडी पट्टी आधी टेबलावर हाणली, मग तिच्या दंडावर. "कोश मारलास! अख्ख्या छापखान्याच्या पोटावर पाय दिलास!"

"शेठ, फाइली शाबूत आहेत. एक दुपार द्या मला."

"तुला? तू त्या खोलीत पाय ठेवलास तर तंगडी मोडीन!"

आणि मग महाराज आले. कुठल्याशा शाळेतला मेलेला कॉम्प्युटर त्यांनी उठवला म्हणे.

पण उठलेल्या मढ्याची एक गंमत होती. पहिल्या दिवशी बायांनी त्यावर हरवलेली पानं जुन्या प्रुफांवरून पुन्हा टाइप केली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा सुरू केला, महाराजांचा फोटो आला, "मी जागा आहे" झालं, आणि पानं मात्र नाहीत. एकही नाही.

महाराजांना बोलावणं गेलं. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"बंद केलं म्हणजे यंत्रानं देह ठेवला. सुरू केलं म्हणजे नवा जन्म. तुम्हाला तरी आठवतो का गेला जन्म?"

"नाही महाराज," सगळ्यांनी माना हलवल्या. पुरावाच मिळाला त्यांना! मी हसले, तर बाइंडरकाका माझ्यावर खेकसले, "आत्याबाई, वय झालं तुमचं, जरा देवाधर्माचं बघा."

पुन्हा टाइप झालं, पुन्हा गेलं. बाया रडायला लागल्या, बोटं सुजली त्यांची. मशीनमन आपसात शिव्या देऊ लागले. रिकामी बसलेली माणसं चिडतात तेव्हा कुणाला तरी शोधत असतात. नेमक्या त्या वेळी खुडबुडी दारातून पुढे आली आणि म्हणाली, "महाराज, तुमच्या ताइतात काय आहे ते मला उघडून बघू द्या. मग नव्या जन्माचं काय ते मी सांगते."

महाराजांचा चेहरा क्षणभर उतरला. मी पाहिलं. मग त्यांनी काठी उचलून तिच्या उजव्या हातावर रोखली.

"हाच! हाच तो हात! यानं यंत्र मारलं, आता ताईत मारायला आला. हा हात शाबूत आहे तोवर यंत्राला गेला जन्म आठवणार नाही!"

कुणी आधी धरलं ते मला सांगता येणार नाही. केस धरून तिला फरफटत नेलं, एवढं दिसलं. मी मध्ये पडले तर कोपराचा फटका तोंडावर बसला. मी कागदाच्या थप्पीवर आपटले, रक्त हनुवटीवरून गळ्यात. पायानं तुडवून लोक पुढे गेले. ज्यांच्या पोरांना मी अक्षरं शिकवली ती माणसं.

"काळीज आणि हात, दोन्ही एका पात्याखाली!" महाराज ओरडत होते.

आमचं कटिंग मशीन हातानं चालवायचं. वरचं चाक फिरवलं की लोखंडी दाबपट्टी खाली येऊन कागदाची थप्पी आवळते. मग दांडी ओढायची, पातं उतरतं, थप्पी लोण्यासारखी कापली जाते. दाब घट्ट बसल्याशिवाय दांडी ओढायची नाही, हे पहिलवानाच्या अंगातच मुरलेलं. त्यांनी खुडबुडीचा हात पट्टीखाली दाबून धरला, शेजारी डिस्क ठेवली, आणि पहिलवान चाक फिरवू लागला.

"पहिलवान, मी खुडबुडी आहे हो! तुमच्या पोरीची सायकल मी दुरुस्त केली!"

"गप! महाराज सांगतात ते तुझ्याच भल्याचं आहे!"

तिनं मूठ आवळली होती. काडकन आवाज आला. तिची किंकाळी मी अजून ऐकते. पण पट्टी पुढे उतरेना. पहिलवानानं छाती टेकून जोर लावला, चाक हलेना. हातावर दाब पुरता बसला नाही म्हणून तो दांडीला हात घालेना. तेवढ्यात मी लोकांच्या पायांमधून रांगत टेबलापाशी पोचले आणि त्या ताइताला धरून दोऱ्यासकट हिसडा दिला.

"मी जागा आ... आ... आ..." स्पीकर अडखळला आणि गप्प झाला. महाराजांचा फोटो पडद्यावर थिजला.

सगळे वळले. मी ताईत वर धरला. तांब्याचं टोपण ओढलं तर आतून चकचकीत चपटा दात बाहेर आला.

"अग बाई, हा तर पेनड्राइव्ह!" बाइंडिंगमधली एक बाई म्हणाली. तिच्याकडे तसाच एक होता, नातवाचे फोटो ठेवायला.

"पापिणी, प्राण काढलास तू!" महाराज माझ्या अंगावर आले.

"प्राण बाजारात मिळतात महाराज, किल्लीच्या जुडग्याला लावतात लोक."

पट्टीखालून खुडबुडीचा आवाज आला. दात आवळून बोलत होती ती. "पहिलवान, आधी चाक उलटं फिरवा. मग हवं तर पुन्हा आवळा."

त्यानं फिरवलं. हात बाहेर आला तो बघवत नव्हता. करंगळी आणि शेजारचं बोट भलतीकडे वळलेलं. तिनं तो दुसऱ्या हातानं छातीशी धरला आणि म्हणाली, "शेठच्या केबिनमधला बिलांचा कॉम्प्युटर उघडा. डिस्कची वायर उपटा. माझा हात नको, महाराजांचाही नको. पहिलवान, तो ताईत तुम्ही लावा."

"मी? माझा हात झडेल."

"आत्याचा झडला का?"

माझे दोन्ही हात रक्तानं माखलेले होते, पण खांद्याला होते. पहिलवानानं पेनड्राइव्ह खोचला. तिनं सांगितलेली कळ दाबून धरली, बटण दाबलं. फडकं नाही, मंत्र नाही. पडदा उजळला, महाराज हसले, "मी जागा आहे."

कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांना मार बसायच्या आधी ते हसू बसलं, आणि मला वाटतं जास्त तेच लागलं.

"ही अख्खी प्रणाली या काडीत मावते," खुडबुडी सांगत होती, भिंतीला टेकून. "कुणीही उतरवून घ्यावी, फुकट आहे. डिस्क नसली तरी काडीवरून चालते. यांनी स्वतःचा फोटो आणि आवाज घातला, एवढंच. पण अशी चालवली की काम नुसतं तात्पुरत्या स्मृतीत राहतं. बंद केलं की पुसलं जातं. तोच यांचा नवा जन्म."

"मग आपला कॉम्प्युटर मेला कशानं?" मालकांनी विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

याचं उत्तर मी दिलं. "जेवणाच्या सुट्टीत मेन स्विच कोण पाडतं?"

खूप वर्षांपूर्वी सुट्टीत चालू राहिलेल्या मशीनमध्ये एकाचा हात गेला होता. तेव्हापासून घंटा झाली की बोळातला मेन खाली, असा आमचा नियम. चांगला नियम. इतका अंगवळणी पडला की तो आपण पाळतो हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"मी पाडतो," पहिलवान म्हणाला. "त्या दिवशीही..."

"घर बदलताना अर्धं सामान इथे, अर्धं तिथे, आणि मध्येच दिवे गेले. एवढंच झालंय," खुडबुडी म्हणाली. "मी कागद डब्यावर लावला, मेनवर लावायला हवा होता."

आणि मग, मला वाटलं होतं लोकांना लाज वाटेल, तर कुणीतरी ओरडलं, "म्हणजे हात याचा होता! आणि हा भामटा!" दोघांनी पहिलवानाला धरलं, बाकीच्यांनी महाराजांना. महाराजांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा, दात फरशीवर पडले. त्यांना ओढलं तेही थेट कटिंग मशीनकडेच. माणसं तीच, आवेश तोच, फक्त मान दुसरी.

खुडबुडी मशीनच्या तोंडावर आडवी उभी राहिली. मोडलेला हात वर धरून. "अजून एक हात पाहिजे का तुम्हाला? अपशकुनी हात नसतोच! वीज गेली, काम अर्धं राहिलं. ते पुरं करायचं, की दिवसभर माणसं कापायची?"

थांबले. पोलीस आले, महाराजांना घेऊन गेले. खुडबुडीला मारल्याबद्दल मालकांनाही नेलं. मी स्वतः जबानी दिली, पहिलवानाविरुद्धसुद्धा. तो नको म्हणाला नाही.

हाताला प्लास्टर घालून खुडबुडी दुसऱ्या दिवशी आली. डिस्कच्या कवचाला खळगा पडला होता. ती तिनं डब्यात जोडली, महाराजांचीच काडी लावून कॉम्प्युटर सुरू केला, मग डिस्कवरच्या प्रणालीत शिरून अर्धवट राहिलेली चढवणी पुढे चालू केली. बोळात मेनखाली मी स्टूल टाकून बसले. दुपारनंतर कोश उघडला. सगळी पानं जागच्या जागी. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

बाइंडरकाकांनी मात्र हळूच खिशातून फूल काढलं. "पोरी, ती डिस्क आडवी आली म्हणून तुझा पंजा वाचला. यात काहीतरी आहेच. आपण ती काचेत ठेवू."

"काका, दाबपट्टी दोन वस्तूंवर उतरली तर जाड आणि कडक वस्तूवर अडते. हे तुम्ही रोज बघता. डिस्क इंचभर जाड आहे. मूठ इंचापर्यंत चेंगरली, मग पट्टी अडली. यात 'काहीतरी' म्हणजे माझी दोन बोटं आहेत."

काकांनी फूल परत खिशात ठेवलं. कोश छापून झाला, छापखाना चालू राहिला. तिची ती दोन बोटं अजून मिटत नाहीत. उरलेल्यांनी टाइप करते.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. वस्तू बंद पडली तर आधी विचारा, शेवटचं काय चाललं होतं, वीज कुठून येते, कोण कुठलं बटण दाबतं. कुणी चमत्कार दाखवला तर मागची बाजू बघायला मागा, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्याच्या हातून तो होतो का ते करून बघा. याला शिक्षण लागत नाही, थोडा धीर लागतो. आणि जो बघू देत नाही, उलट बघणाऱ्याकडेच बोट दाखवतो, त्याच्याशी वाद नंतर घाला. आधी जिच्याकडे बोट रोखलंय तिच्याभोवती कडं करून उभे राहा. मी एकटी होते. तुम्ही चार जण असलात तर पट्टी खालीच येणार नाही.