टेकडी आणि हंडा

जनरल लडब्रुक यांचा नियम होता: गरम जेवल्याशिवाय माणूस लढाईला जायचा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात, बोअरांशी लढताना, मी तीन जनरल पाहिले. शिपायांची नावं लक्षात ठेवणारे हे एकटेच. पलटण त्यांना ‘आजोबा’ म्हणायची. मी पलटणीचा आचारी, सार्जंट टॅपस्कॉट.

त्या पहाटे टेकडीवर आमची एक तुकडी होती आणि तीत माझा धाकटा भाऊ नेड. जनरल माझ्या हंड्यापाशी हात शेकत उभे असताना वरून चिठ्ठी आली. त्यांनी ती पुटपुटत वाचली. ‘बोअर चढताहेत. ताबडतोब माणसं पाठवा.’

“किती वेळ, टॅपस्कॉट?”

“लाकडं ओली आहेत साहेब. तास लागेल.”

“उपाशी नाही पाठवणार मी त्यांना.” चिठ्ठी खिशात गेली.

प्रत्येकाच्या झोळीत बिस्किटं होती. मी ते बोललो नाही. हंडा ढवळत राहिलो.

माणसं जेवून निघाली, तेव्हा टेकडी बोअरांकडे गेली होती. तिसऱ्या दिवशी बोअरांनी प्रेतं उचलू दिली, तेव्हा नेडला आम्ही उतारावरच पुरलं.

मग मदत उशिरा का गेली म्हणून जनरलांवर चौकशी बसली. आदल्या दिवशी पलटणीतला शिपाई पास्को हंड्यापाशी आला. “टॅपी, सांग की तू दहाच मिनिटं म्हणाला होतास. फार तर तुझी सार्जंटची फीत जाईल. आजोबा गेले तर पुढचा साहेब आपल्याला खेचरासारखं हाणेल.”

“आणि नेड?”

“नेड परत येणारे का, बाबा?”

तंबूत जनरल समोरच बसले होते. कर्नलने विचारलं, “किती वेळ सांगितला होतास?”

पास्कोचं म्हणणं जिभेवर आलं होतं.

“एक तास, साहेब.”

“बरोबर,” जनरल म्हणाले. “तासच म्हणाला होता.”

कर्नल पुन्हा माझ्याकडे वळला. “बिस्किटांवर गेली असती माणसं?”

“गेली असती,” मी म्हणालो.

आठवड्यात त्यांना मायदेशी परत बोलावलं. निघताना ते हंड्यापाशी थांबले. “नेड डावखुरा होता ना? नेम चांगला होता पोराचा.”

“हो साहेब.”

ते रस्त्याला लागले. पलटण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोप्या काढून उभी होती. काहीजण रडत होते.

दुपारी मी झाकण काढलं, पळी वाजवली. रांग लागली नाही. समोर उन्हात बसून दोनशे माणसं कोरडी बिस्किटं चावत होती.