पद्मावहिनींचा पाच वाजताचा टीव्ही

पाच वाजले की निजामपुऱ्यातल्या पद्मावहिनींच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नसे. टीव्हीसमोर समई, पाटावर मुक्तेश्वर बापजी. ते डोळे मिटून विचारत, "गोविंदराव, पधारलात का?" आणि बंद टीव्ही आपोआप उजळे. आठ महिन्यांपूर्वी गेलेले वहिनींचे यजमान गोविंदराव पडद्यावर हसून म्हणत, "आलो, आलो!" गर्दी हात जोडी.

"आत्मा यंत्रात उतरलाय, बेन," बापजी सांगत. "त्याचं वायरिंग फार नाजूक. तुम्ही उंबरा ओलांडलात की कनेक्शन गेलंच समजा!"

वहिनींनी दीड महिना उंबरा ओलांडला नव्हता. त्यांना काचबिंदू होता. डॉक्टरांच्या दोन तारखा चुकल्या होत्या. मी, दुर्गा, त्यांची धाकटी जाऊ, शाळेत विज्ञान शिकवते. माझं काही चालेना.

"मलाही बाहेर पडावंसं वाटतं गं," त्या म्हणाल्या. "पण हे आले आणि मी घरात नसले तर?"

एकदा मी भर गर्दीत विचारलं, "वहिनींनी डॉक्टरांकडे जावं का?"

टीव्हीतून उत्तर आलं, "नको, नको, इथेच बस."

वहिनी रडू लागल्या. मला मात्र त्या आवाजामागे कुकरची शिट्टी ऐकू आली. हे तर माझ्या लेकीच्या, इराच्या बारशातलं वाक्य! मी वाढायला उठले, तेव्हा भाऊजी मलाच म्हणाले होते.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, बारशाचा व्हिडिओ टीव्हीवर कुणी आणला?"

"मयंकने. बापजींचा शिष्य. यांच्या फोनमधले, लॅपटॉपमधले, जुन्या सीडींमधले सगळे व्हिडिओ त्याने टीव्हीला जोडलेल्या त्या छोट्या डब्यात एकत्र भरले. टीव्हीवर, फोनवर, कुठेही बघता यावेत म्हणून."

मयंक रोज मागच्या रांगेत फोन घेऊन बसायचा. मी वहिनींच्या फोनवर त्या डब्याचं ॲप उघडलं. जोडलेली यंत्रं चार: टीव्ही, लॅपटॉप, वहिनींचा फोन आणि मयंकचा फोन. चौथं काढून टाकलं, पासवर्ड बदलला.

दुसऱ्या दिवशी बापजींनी तीनदा हाक मारली. टीव्ही काळाच.

"आज कोणीतरी नास्तिक बसलंय!"

"मीच," म्हणत मी वहिनींच्या फोनवर बोट टेकवलं. टीव्ही उजळला, अख्खं बारसं सुरू झालं. "दुर्गा, नको, नको, इथेच बस. पद्मा वाढेल." मग मी फोन एकेकाच्या हातात देऊन तो तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. तोवर मयंक जिना उतरला होता. बापजी चपला शोधू लागले.

वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "तुझ्यामुळे हे दुसऱ्यांदा गेले."

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "डॉक्टरांची वेळ घे."

डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही. उजवा वाचला.

यंत्र स्वतःहून कुणाला बोलावत नाही, कुणाला कोंडतही नाही. कुणीतरी बटण दाबतं, तेव्हा ते चालतं. म्हणून चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा, बटण कुणाच्या हातात आहे? आणि आपलं माणूस नुकतंच गेलं असेल, तर जरा मोठ्याने विचारा.