आकडा बरोबर होता

मित्रांनो, मी एक जुना हायड्रोमीटर आहे. डेअरीत दुधातलं पाणी पकडायला काचेची नळी सोडतात ना, तिच्याच भावकीतला. माझ्या पोटात शिशाच्या गोळ्या आहेत आणि मानेत आकड्यांची कागदी पट्टी. साध्या पाण्यात मी एक हजारावर उभा राहतो. पाण्यात साखर विरघळलेली असली की ते मला वर उचलतं. मी जितका वर, तितकी पुढे बिअर कडक. मला एवढंच कळतं. तेव्हा वाटायचं, एवढं पुरेसं आहे.

एका बाईने मला ज्योतीवर फुंकून घडवलं. माझी हयात मात्र गेली अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात, रोलिन टीग यांच्या गॅरेजमध्ये. तिथे शेतांतून उंच खांबांवर हॉप्सचे वेल चढतात, त्यांच्या फुलांनीच बिअरला वास आणि कडवटपणा येतो, आणि घरोघरी कोणी ना कोणी बिअर करतंच. रोलिन करायचे ती सगळ्यांत अवघड, कडक आणि हॉप्सने कडवट. तिला मोड आणलेल्या जवाचं पीठ भरपूर लागतं, आणि पीठ जास्त झालं की त्यातली साखर पाण्यात उतरायला कुरकुर करते. भलेभले थकतात आणि शेवटी दुकानातली साखर ओततात. रोलिननी ती कधी ओतली नाही. ते गरम पाण्याने पीठ हळूहळू धूत, काढा आटवत, मग थोडा काढा थंड करून काचेच्या उंच जारमध्ये ओतत आणि मला त्यात सोडत. बोटांनी गिरकी देऊन माझ्या अंगावरचे बुडबुडे झटकत आणि डोळा पातळीला आणत. एक हजार पंच्याहत्तर! हवा तोच आकडा. मग मला कपड्याने असे पुसत की जणू मी त्यांचाच मुलगा.

पण मित्रांनो, मला दुसऱ्यांच्या काढ्यात सोडताना याच हातांना मजा यायची.

हार्डवेअरच्या दुकानामागच्या हॉलमध्ये बिअर करणाऱ्यांचं मंडळ जमे. कॉर्विन नावाचा ट्रकवाला तिथे नवाच आला होता. त्याने पहिल्यांदाच काढा केला. रोलिननी मला त्यात सोडलं आणि मी एक हजार अठ्ठावन्नाशीच थांबलो.

"अरे, ही बिअर आहे की हॉप्सचं धुवण?" रोलिन ओरडले. "पाळण्यातल्या पोराला पाज, झोप तरी लागेल!" आणि त्यांनी माझ्यासकट धरलेला तो जार कॉर्विनच्या बुटांवर रिकामा केला. मला तेवढं बोटांत अलगद झेललं. सगळे हसले. कॉर्विनही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

पुढच्या हिवाळ्यात रोलिनना ताप आला. ताप गेला, तो नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. फ्रीजरमधला हॉप्सचा पुडा फोडून त्यांनी त्यात तोंड खुपसलं. मग मूठभर हॉप्स तळहातांवर चोळले आणि पुन्हा हुंगले.

"आयलीन, हे शिळे झालेत का गं?"

"छे! मला दारातून वास येतोय," त्यांच्या पत्नी आयलीनबाई म्हणाल्या.

रोलिननी पुडा गुपचूप बंद केला. कोणाला सांगितलं नाही. पण आयलीनबाईंना शंका आली. स्वयंपाकघर गॅरेजला लागून होतं, दार उघडंच असे, म्हणून मला सारं दिसलं आणि ऐकू आलं. त्या संध्याकाळी त्यांनी स्टूमध्ये मीठच घातलं नाही. रोलिननी पहिला घास घेतला आणि नेहमीसारखे म्हणाले, "मीठ जास्त झालंय. तुला कधी जमणार?"

 आयलीनबाईंनी रोलिनच्या ताटात तेच आणखी वाढलं.

आता बिअर पारखायला रोलिनना माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. त्यांनी नवी बिअर लावली. मी पंच्याहत्तरावर उभा राहिलो, आणि त्यांचे डोळे भरून आले. पण नंतर पिंपात कसलीशी घाण शिरली आणि बिअर आंबली. आंबट मला कळत नाही. एका दुपारी आयलीनबाईंनी झाकण उचललं, वास घेतला, नाक मुरडलं आणि झाकण पुन्हा नीट बसवलं.

शनिवारी रोलिननी ती मंडळात नेली. मी त्यांच्या खिशात होतो. लोकांनी घोट घेतले आणि एकमेकांकडे पाहिलं. रोलिन मात्र मिटक्या मारत होते. कॉर्विन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं.

"उस्ताद, वास कसला येतोय, सांगा ना. आम्हाला मेलं काय कळतंय!"

"देवदार," रोलिन ऐटीत म्हणाले. "आणि मागे पपनसाची साल."

कोणीतरी खोकल्यात हसू दाबलं. कॉर्विन कोपऱ्यात गेला आणि ग्लास भरून घेऊन आला. "आता ही चाखा. आज आम्ही सगळ्यांनी मिळून केलीय."

रोलिननी मोठा घोट घेतला, तोंडात घोळवला. "सुधारलास की! हॉप्स तेवढे कमी पडले."

हॉल हसण्याने दणाणला. कॉर्विनने बुटाने एक बादली पुढे सरकवली. सगळे आपापल्या ग्लासातलं उष्टं तिच्यात ओतत असत. "इथली आहे, उस्ताद."

रोलिननी मला खिशातून काढलं आणि वर धरलं. "आकडा बरोबर होता! विचारा याला! पंच्याहत्तर होता!"

मला कोणीच काही विचारलं नाही.

परतताना गाडी आयलीनबाई चालवत होत्या.

"तुला ठाऊक होतं?" रोलिननी विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"लग्न झाल्यापासून मी रांधलेलं तुम्ही चाखताय आणि बोलताय," त्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "म्हटलं, एकदा मीही गप्प बसून बघावं."

वसंतात रोलिननी पुन्हा बिअर केली. मी पुन्हा पंच्याहत्तर दाखवला. बिअर तयार झाली, तेव्हा त्यांनी पहिला ग्लास आयलीनबाईंपुढे धरला. "कशी झालीय? खरं सांग."

आयलीनबाईंनी घोट घेतला. "छान आहे," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला वळल्या.

रोलिन त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी ग्लास उचलला आणि एकेक घोट घेत सारा संपवला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी फुटलो तर दुकानात दुसरा मिळेल. पण तुमच्या घरात तुम्हाला खरी चव सांगणारं कोणी असेल, तर त्या माणसाला जपा. ते माणूस एकदा गप्प झालं, की घरात फक्त आकडे उरतात.